लॅमिंग्टन रोडवर संगणक जुळवताना

ग्रँट रोड स्थानकावर उतरून पूर्वेकडे बाहेर पडा आणि कोणालाही "लॅमिंग्टन रोड कुठे?" असे विचारा. तो न थांबता हातानेच दिशा दाखवील. "डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग कुठे?" असे विचारलेत, तर मात्र बिचारा थांबून विचारात पडेल! खरे तर रस्त्याचे अधिकृत नाव हेच आहे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचे नाव पाटीवरून गेले, पण मुंबईकरांच्या जिभेवरून काही गेले नाही.

एके काळी हा रस्ता सिनेमाचा होता. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ, इंपीरियल, स्वस्तिक ही सगळी नावे याच परिसरातली. मिनर्व्हात १९७५ साली लागलेला 'शोले' पाच वर्षे उतरला नाही. नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांची कार्यालये होती. त्याच गर्दीच्या आडोशाने रेडिओचे सुटे भाग विकणारी दुकाने इथे रुजली. रेडिओमागून ॲम्प्लिफायर आले, टीव्ही आले आणि शेवटी संगणक आले. आज पदपथावर रिमोट, वायरी आणि चार्जरांचे ढीग आणि आतल्या इमारतींमध्ये मजल्यामजल्यावर संगणकाची दुकाने, असे या रस्त्याचे रूप आहे.

आमच्या घरातला पहिला संगणक इथूनच आला. २००१ साल होते. वडिलांनी कचेरीतल्या एका सहकाऱ्याला सोबत घेऊन तो 'असेंबल' करून आणला होता. १२८ एमबी रॅम, २० जीबी हार्डडिस्क आणि माठाएवढा मोठा मॉनिटर! त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन असे, आणि आम्हा भावंडांना एकच नियम होता : कॅबिनेटला हात लावायचा नाही. संगणक बिघडला की सहकाऱ्यांच्या ओळखीचा एक मुलगा येई, आम्हाला बाजूला बसवी, काहीतरी करी आणि पैसे घेऊन जाई. त्याने काय केले, हे आम्हाला कधी कळले नाही. विचारायचे धाडसही झाले नाही.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे माझी भाची. मिरजेची ही मुलगी मुंबईत आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्याकडे कल्याणला राहते. घरातल्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नव्हते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला होता. रेव्हिट उघडायला तर तो इतका वेळ घेई की तेवढ्यात चहा होऊन प्यायलाही जाई. तिकडे मिरजेत ताईचा भिशीचा नंबर लागला. शिवणकामातून साठवलेली आणखी थोडी रक्कम घालून तिने ८५ हजार रुपये पाठवले आणि फोनवर म्हणाली, "पुन्हा एवढे जमायला तीन वर्षं लागतील रे. नीट बघून घ्या."

२०२५ च्या डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही मामा-भाची निघालो. कल्याणहून जलद गाडीने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, कारण ग्रँट रोडला जलद गाडी थांबत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचेही ग्रँट रोड स्थानक सुरू झाले आहे, त्यामुळे विमानतळाच्या बाजूने येणाऱ्यांची चांगली सोय झाली.

आधी काम, मग वस्तू

भाचीने वहीच्या पानावर यादी केली होती, आणि यादीच्या वरती तिने कामे लिहिली होती : ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप, थोडे रेंडरिंग. "आधी काम लिहायचं, मग त्याला काय लागतं ते शोधायचं," ती म्हणाली. मला ते पटले. बहुतेक लोक दुकानात जाऊन "चांगला संगणक दाखवा" असे म्हणतात, आणि मग दुकानदाराला जे खपवायचे असते तेच चांगले ठरते.

रेव्हिटचा पुष्कळसा भार प्रोसेसरच्या एकेका कोअरच्या वेगावर असतो, तर रेंडरिंगला ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते. म्हणून तिने मधल्या श्रेणीचा सहा कोअरचा प्रोसेसर आणि साधेच ग्राफिक्स कार्ड ठरवले होते. मदरबोर्ड एएम५ सॉकेटचा. हा सॉकेट २०२२ साली आला आणि निदान २०२७ पर्यंत त्याला साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. म्हणजे पुढे बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर बसवायची वाट मोकळी राहते.

इथे सर्वसाधारण वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. संगणकाचे भाग म्हणजे भाजी नव्हे, की हे थोडे आणि ते थोडे घेतले. प्रोसेसर आणि बोर्ड यांचा सॉकेट एकच हवा. बोर्ड डीडीआर५ चा असेल तर डीडीआर४ ची रॅम त्यात बसतच नाही, तिची खाचच वेगळ्या जागी असते. ग्राफिक्स कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावायला हवी. प्रोसेसर बोर्डापेक्षा नंतरच्या काळातला असेल, तर बोर्डावरच्या बायोसची आवृत्ती त्याला ओळखते का, हेही दुकानात विचारून घ्यावे.

प्रश्न तिचे, उत्तरे मला

आम्ही चार दुकाने फिरलो. प्रत्येक ठिकाणी कोटेशनचा कागद मागायचा आणि त्यावर नुसते 'एसएमपीएस' न लिहिता त्याचे पूर्ण मॉडेल लिहून घ्यायचे, हे भाचीने आधीच ठरवले होते. त्याचा फायदा लगेच दिसला. एका कागदावरची बेरीज बाकीच्यांपेक्षा बरीच कमी होती. पाहिले, तर एसएमपीएस कॅबिनेटबरोबर 'फुकट' होता! संगणकातल्या प्रत्येक भागाला वीज पुरवणारी ही पेटी. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून काटकसर हमखास इथे होते. स्वस्त पेटीवर मोठा वॉटचा आकडा छापलेला असतो, पण भार पडला की तिला तो पेलत नाही आणि जाताना ती कधी कधी बोर्डालाही सोबत नेते. ८० प्लसचे प्रमाणपत्र असलेली, नावाजलेल्या कंपनीची आणि काही वर्षांची वॉरंटी असलेली पेटी घ्यावी. वाचवायचे असेल तर कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवर वाचवावे.

मला मात्र दुसरीच गोष्ट टोचत होती. प्रश्न भाची विचारत होती आणि दुकानदार उत्तर मला देत होते. "या बोर्डावर रॅमचे स्लॉट दोन आहेत की चार?" असे तिने विचारले, की समोरचा माझ्याकडे पाहून म्हणे, "साहेब, काळजी करू नका, मस्त चालेल." मला त्यातले अर्धेही कळत नव्हते. एका ठिकाणी तर "मुलीला लॅपटॉप घेऊन द्या ना, सोपं पडेल," असा सल्लाही मिळाला. भाची काही बोलली नाही. कागद घडी करून वहीत ठेवला आणि पुढच्या जिन्याकडे वळली.

रॅमपाशी आमचा हिशेब कोलमडला. तिच्या यादीत ३२ जीबी होती. पण २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव भराभर चढले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरांना मेमरी हवी होती, आणि सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या मोठ्या उत्पादकांनी आपला ओघ तिकडे वळवला होता. मायक्रॉनने तर त्याच डिसेंबरात घरगुती ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. दुकानदार सांगत होते, "हा भाव आजचा. उद्या या, उद्याचा सांगू." शेवटी भाचीने ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्यायचे ठरवले, पण बोर्ड मात्र चार स्लॉटचा घेतला. भाव उतरले की पुढचे पाहता येईल.

ज्या दुकानात खरेदी केली, तिथे काउंटरमागे एक वयस्क कारागीर बसले होते. डोळ्यांवर चष्मा, हातात चिमटा. भाची म्हणाली, "काका, मी घरी स्वतः जोडणार आहे." मालकाने भुवया उंचावल्या. "सॉकेटच्या पिना वाकल्या तर आमची जबाबदारी नाही," असे त्यांनी मलाच बजावले. कारागिरांनी मात्र खोके तिथेच उघडले, सॉकेटवरचे झाकण उचलून पिना दाखवल्या आणि म्हणाले, "मोबाइलमध्ये फोटो काढून घे. तुलाही बरं, आम्हालाही बरं." त्या दिवसातले हे पहिले वाक्य, जे कोणी तिच्याकडे पाहून बोलले होते.

बिल पक्के घेतले. या वस्तूंवर १८ टक्के जीएसटी आहे आणि 'बिलाशिवाय घ्या, कमी करून देतो' असे सांगणारेही भेटतात. त्या मोहात पडू नये. वॉरंटीचा सगळा आधार तो कागदच असतो, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक असला की काम सोपे होते. प्रोसेसरही खोकेबंद घ्यावा. सुटा, म्हणजे ज्याला इथे 'ट्रे' म्हणतात तो, स्वस्त पडतो, पण त्याला निर्मात्याची थेट वॉरंटी नसते.

रात्रीचे साडेअकरा

घरी जेवणाच्या टेबलावर मांडामांड झाली. माझे वडील आरामखुर्चीतून पाहत होते. प्रोसेसर, पंखा, रॅम, एसएसडी, मग बोर्ड कॅबिनेटमध्ये, मग वायरी. हात लावण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या धातूला बोट टेकवून अंगातली स्थिर वीज घालवायची, हे ती विसरली नाही. साडेअकराला बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला.

एक मिनिट. दोन मिनिटे. "बंद कर, बंद कर! काहीतरी जळेल," मी म्हणालो. तिने बंद केले. पुन्हा लावले, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी रविवार. लॅमिंग्टन रोडवरची बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात. सोमवारी कॉलेजात तिचे सबमिशन होते आणि ८५ हजार रुपयांचे भाग टेबलावर मुके होऊन पडले होते. ताईचा फोन आला. भाची म्हणाली, "हो आई, जोडतेय अजून." तिचा आवाज ओला झाला होता. वडील एवढेच म्हणाले, "दुकानातूनच जोडून आणायला हवा होता." तेव्हा मलाही तसेच वाटले, हे कबूल करतो.

एकेक वगळत जावे

सकाळी सहाला उठून पाहतो, तर ती बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका घेऊन बसली होती. वहीत दोन रकाने केले होते : 'काय पाहिले' आणि 'काय झाले'. बिघाड शोधण्याची तिची रीत मला त्या दिवशी कळली, आणि ती केवळ संगणकापुरती नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की लिहून ठेवायची.

पहिल्यांदा अगदी साध्या गोष्टी. पंखे फिरतात, म्हणजे वीज येते. मॉनिटरची वायर बोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावलेली आहे ना? आहे. अनेकांचा काळा पडदा एवढ्यानेच उजळतो! बोर्डाला विजेच्या दोन जोडण्या असतात, एक चोवीस पिनांची मोठी आणि दुसरी प्रोसेसरजवळची आठ पिनांची. दुसरी विसरली जाते. तीही ठीक होती. मग तिने बोर्डाच्या कडेचे चार बारीक दिवे दाखवले : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. जिथे अडते तो दिवा जळत राहतो. रॅमचा जळत होता.

दोन्ही पट्ट्या काढल्या. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे एकच पट्टी प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये 'कट्' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवली आणि बटण दाबले. पडदा काळा. माझा हात बटणाकडे गेला, तो तिने धरला. "मामा, थांब. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची चाचपणी करतो. त्याला काही मिनिटं लागतात. काल आपण थांबलोच नाही." आम्ही घड्याळ लावून बसलो. चौथ्या मिनिटाला पडद्यावर अक्षरे उमटली!

वडील आरामखुर्चीतून उठून उभे राहिले. मला वाटले, संपले, घाईच नडली होती. पण भाचीने वहीत लिहिले, संगणक बंद केला आणि दुसरी पट्टी त्याच स्लॉटमध्ये एकटी बसवली. पंधरा मिनिटे थांबलो. काहीच नाही. स्लॉट बदलला, पुन्हा पंधरा मिनिटे. काहीच नाही. चांगली पट्टी त्या दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, तर संगणक सुरू झाला. म्हणजे बोर्ड ठीक, दोन्ही स्लॉट ठीक, प्रोसेसर ठीक. दोष त्या एका पट्टीतच.

त्या रविवारी तिने ८ जीबीवरच विंडोज घातले. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना शैक्षणिक परवाना विनामूल्य देते, तो तिच्याकडे होताच. रात्री दोनपर्यंत बसून सबमिशनचे काम पुरे केले. मधेच एकदा कॅबिनेटला हात लागून मला बारीकसा झटका बसला. त्याचेही कारण तिने शोधले. टेबलाजवळच्या जुन्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते. आपल्याकडे पुष्कळ घरांत हे असते. नवा संगणक लावण्यापूर्वी वायरमनला बोलावून तेवढे तपासून घ्यावे.

सोमवारी ती एकटीच

सोमवारी मला कार्यालयात जाणे भाग होते. कॉलेज सुटल्यावर ती एकटीच लॅमिंग्टन रोडला गेली, आणि पुढचे तिने सांगितले तसे लिहितो.

मालक आधी म्हणाले, "मेमरी आम्ही परत घेत नाही, सर्व्हिस सेंटरला जा." मग म्हणाले, "घरी जोडताना काहीतरी केलं असेल." तिने पिनांचा फोटो काढला, बिल काढले आणि वहीचे ते पान काउंटरवर ठेवले : कोणती पट्टी, कोणता स्लॉट, किती मिनिटे, काय झाले. वयस्क कारागिरांनी चष्मा वर सरकवून पान वाचले. काही न बोलता पट्टी घेतली, दुकानातल्या बोर्डावर लावली आणि वाट पाहिली. मग मालकाला म्हणाले, "शेठ, पोरीचं बरोबर आहे."

पट्ट्या जोडीने विकलेल्या होत्या. म्हणून ती घरी जाऊन चांगली पट्टीही घेऊन येईपर्यंत तशीच एक जोडी बाजूला काढून ठेवायचे ठरले, तेही शनिवारच्याच भावाने. मंगळवारी अदलाबदल झाली. निघताना मालकांनी तिला विचारले, "मॅडम, हे बोर्ड पहिल्यांदा सुरू व्हायला किती मिनिटं घेतं म्हणालात? परवाच एक गिऱ्हाईक चालू होत नाही म्हणून ओरडून गेलं." तिने मिनिटांसह सांगितले.

हेच सगळे भाग घरबसल्या मागवता येतात, कधी स्वस्तही मिळतात, आणि या रस्त्यावरची गर्दी पूर्वीइतकी राहिली नाही असे तिथले लोकच सांगतात. पण काउंटरपलीकडे चष्मा सरकवून वही वाचणारे माणूस घरपोच येत नाही. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरमध्ये एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, कोलकात्यात चांदणी चौक, पुण्यात तपकीर गल्ली. आपल्या शहरात अशी जागा असेल तर एकदा जरूर जावे. यादी करून जावे, पूर्ण मॉडेल लिहून घ्यावे, पक्के बिल घ्यावे, आणि ज्याला तो संगणक वापरायचा आहे त्यालाच बोलू द्यावे.

मंगळवारी संध्याकाळी दोन्ही पट्ट्या बसवून १६ जीबी दिसल्यावर भाची कॅबिनेटची बाजू लावायला उठली. तेवढ्यात वडिलांनी खुर्ची टेबलाकडे ओढली. याच माणसाने आम्हाला सगळे लहानपण कॅबिनेटला हात लावू दिला नव्हता.

"थांब, लावू नकोस इतक्यात," ते म्हणाले. "आत काय काय असतं, ते मला दाखव बघू."

भाचीने टेबललॅम्प जवळ ओढला आणि प्रोसेसरपासून सांगायला सुरुवात केली.